ट्रिशा ब्राऊन भिंतीवरून रंगमंचावर आल्या, ही माघार म्हणावी का?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन नृत्याविषयी मी गेले काही महिने जमेल तसे वाचतो आहे आणि मिळतील ती चित्रणे पाहतो आहे. नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राऊन यांच्या कारकिर्दीपाशी येऊन मात्र मी अडकलो आहे, म्हणून हा प्रश्न.

१८ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या सोहो भागात, ८० वूस्टर स्ट्रीट या सातमजली इमारतीच्या गच्चीवरून जोसेफ श्लिख्टर हे गिर्यारोहकाचे पट्टे आणि दोर यांच्या आधाराने बाहेरच्या भिंतीवर आले आणि रस्त्याने चालावे तसे, शरीर भिंतीशी काटकोनात ठेवून, सावकाश खाली चालत आले. ‘मॅन वॉकिंग डाऊन द साइड ऑफ अ बिल्डिंग’ ही ती ब्राऊन यांची रचना. तिच्यात संगीत नाही, नेपथ्य नाही, आणि एरवी आपण ज्याला नृत्य म्हणतो तसे एकही पाऊल नाही. पुढच्या वर्षीच्या ‘रूफ पीस’मध्ये नर्तक वूस्टर स्ट्रीटपासून लाफायेत स्ट्रीटपर्यंतच्या वेगवेगळ्या गच्च्यांवर उभे राहिले, पहिल्याने केलेली हालचाल दुसऱ्याने दुरून पाहून उचलायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि अशी ती शहरभर पोहोचवायची. सगळे नर्तक एका वेळी दिसतील अशी जागा कोणत्याही प्रेक्षकाला मिळणे शक्य नव्हते.

याच ब्राऊन १९९८ मध्ये ब्रसेल्सच्या ला मोने या ऑपेरागृहात मोंतेव्हेर्दीच्या ‘लॉर्फेओ’ या ऑपेराचे दिग्दर्शन करताना दिसतात आणि २००४ मध्ये पॅरिस ऑपेरा बॅलेच्या अग्रगण्य नर्तकांसाठी रचना करतात. मधल्या काळात पडदा आहे, विंगा आहेत, प्रकाशयोजना आहे, चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांचे नेपथ्य आहे, बाखचे संगीत आहे. ज्या गोष्टी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एकेक करून नाकारल्या होत्या, त्या जवळजवळ सगळ्या एकेक करून परत आल्या.

हा प्रवास कसा वाचावा? बंडखोर माणूस वयाबरोबर निवळतो, अशी नेहमीची गोष्ट आहे की यामागे काही वेगळी सुसंगती आहे? मी नर्तक नाही, केवळ प्रेक्षक आहे, त्यामुळे माझ्या प्रश्नात अडाणीपणा असल्यास तो दाखवून द्यावा.

उंबरठा

प्रश्नात अडाणीपणा मुळीच नाही. मात्र ‘माघार’ या शब्दाने तो आधीच अर्धा सोडवून टाकला आहे, एवढी तक्रार नोंदवतो. माघार कुठून घेतली हे ठरवायचे असेल, तर त्या मुळात कुठे उभ्या होत्या हे पाहावे लागेल, म्हणून थोडे मागे जातो.

ब्राऊन यांचा जन्म १९३६ चा, वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीनचा. प्रशांत महासागराच्या बाजूचा हा दाट जंगलांचा प्रदेश, आणि झाडांवर चढणे हा त्यांच्या लहानपणाचा मोठा भाग होता. मिल्स कॉलेजमधून १९५८ मध्ये नृत्याची पदवी घेतल्यावर त्यांनी पोर्टलंडच्या रीड कॉलेजमध्ये काही काळ शिकवले. १९६० च्या उन्हाळ्यात त्या कॅलिफोर्नियात नृत्यरचनाकार ॲना हालप्रिन यांच्या कार्यशाळेला गेल्या. झाडांमध्ये बांधलेल्या लाकडी मंचावर ही कार्यशाळा चाले आणि तिथे त्यांच्यासारख्याच प्रयोगशील नर्तिका सिमोन फोर्टी व इव्हॉन रेनर भेटल्या. त्या कार्यशाळेतला एक प्रसंग वारंवार सांगितला जातो: झाडण्याचे साधे काम नृत्य म्हणून करत असताना ब्राऊन यांनी हातातला लांब दांड्याचा झाडू अशा जोराने पुढे ढकलला की त्याच्या मागोमाग त्यांचे शरीरही क्षणभर जमिनीला समांतर असे हवेत गेले. आठवणीत अशा गोष्टी थोड्या फुगतात, हे मान्य करूनही मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची पन्नास वर्षे त्या ज्याच्यामागे होत्या ते सगळे त्यात आहे: साधे काम, वजन, आणि कामाच्या मधोमध अचानक सुटलेली जमीन.

१९६१ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत रॉबर्ट डन हे संगीतकार जॉन केज यांच्या विचारांवर आधारलेला रचनेचा वर्ग घेत असत. त्या वर्गातूनच ६ जुलै १९६२ रोजी जडसन मेमोरियल चर्चमधला पहिला कार्यक्रम उभा राहिला आणि ज्याला पुढे उत्तर-आधुनिक नृत्य म्हटले गेले त्याची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. नाकारण्याची भाषा त्या गटात होती हे खरे, परंतु ती सगळ्यांची सारखी नव्हती. दिपवणारा देखावा नको, कौशल्याचे प्रदर्शन नको, जादू नको, असा नकारांचा जाहीरनामा १९६५ मध्ये लिहिला तो रेनर यांनी. ब्राऊन यांनी असा जाहीरनामा कधी काढला नाही. १९६६ च्या ‘होममेड’मध्ये त्यांनी पाठीवर चालू प्रोजेक्टर बांधून नृत्य केले. त्यातून त्याच नृत्याची फिल्म भिंतींवर, छतावर आणि प्रेक्षकांवर पडत होती आणि शरीर वळले की प्रतिमाही उडत होती. यात मला त्यागाचा आनंद दिसत नाही. एखाद्या लहान मुलाला चांगले यंत्र सापडावे, तसा आनंद दिसतो.

आता भिंतीकडे येतो. १९७१ मध्ये व्हिटनी संग्रहालयात त्यांनी ‘वॉकिंग ऑन द वॉल’ सादर केले. छताला रूळ बसवलेले होते, त्यांवरून लोंबणाऱ्या पट्ट्यांमध्ये नर्तक अडकवलेले होते आणि ते भिंतीवरून आडवे चालत, एकमेकांना ओलांडत, कोपरा वळत होते. पाहणाऱ्याला काही वेळाने असे वाटू लागे की आपणच एखाद्या उंच खिडकीतून खालच्या रस्त्यावरची माणसे पाहत आहोत. त्याच सुमाराच्या ‘फ्लोअर ऑफ द फॉरेस्ट’मध्ये दोरांच्या आडव्या जाळीत जुने कपडे ओवलेले असत आणि नर्तक त्या जाळीवर लोंबकळत एका कपड्यात शिरत, त्यातून निघत, दुसऱ्यात शिरत. १९७१ च्या एका प्रयोगात तर खाली खरोखरच जुन्या कपड्यांचा बाजार मांडला होता, म्हणजे वर पाहावे की खाली खरेदी करावी, हे प्रेक्षकाने ठरवायचे. या सर्व रचनांमध्ये भिंत, गच्ची किंवा दोर हा विषय नाही. कुठून काय दिसते, काय दिसत नाही, आणि ज्या जमिनीला आपण गृहीत धरतो ती काढून घेतली तर ‘चालणे’ म्हणजे काय उरते, हा विषय आहे.

हे ध्यानात घेऊन १९७९ कडे पाहिले तर चित्र पालटते. त्या वर्षी मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरसाठी केलेली ‘ग्लेशियल डिकॉय’ ही चौकटीच्या रंगमंचासाठी त्यांनी मुद्दाम केलेली पहिली रचना. चौकटीचा रंगमंच म्हणजे दिसणे आणि न दिसणे यांची सर्वात जुनी यंत्रणा. कडेला विंग असते, विंगेपर्यंत नर्तक ‘आहे’ आणि विंगेपलीकडे तो ‘नाही’, असा तिथला अलिखित करार असतो. ब्राऊन यांनी नेमकी तीच कड धरली. नर्तिका बाजूने आत सरकतात, पुन्हा बाहेर निसटतात, आणि नृत्य विंगेच्या पलीकडेही चालू असून आपल्याला त्याचा केवळ मधला तुकडा दिसतो आहे, असा भास होतो. मागे राउशेनबर्ग यांची कृष्णधवल छायाचित्रे चार मोठ्या पडद्यांवरून एका बाजूकडून दुसरीकडे सरकत राहतात. संगीत यातही नाहीच. ‘रूफ पीस’मध्ये जे काम दहा गल्ल्यांच्या अंतराने केले होते ते इथे विंगेच्या एका काळ्या कापडाने केले, असे मला वाटते.

१९८३ चे ‘सेट अँड रीसेट’ तर याच विचाराचे शिखर आहे. राउशेनबर्ग यांनी विंगांचे कापड पारदर्शक केले, त्यामुळे बाहेर गेलेला नर्तक दम घेताना, उभा राहताना दिसतो. लॉरी अँडरसन यांचे संगीत आहे, वर टांगलेल्या आकृत्यांवर फिल्म चालू आहे. आणि सुरुवात कशाने होते? काही नर्तक एकीला उचलून आडवी धरतात आणि ती रंगमंचाच्या मागच्या भिंतीवरून चालत जाते. १९७१ ची भिंत ऑपेरागृहात आणण्याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते असेल?

‘लॉर्फेओ’मध्येही आरंभी ‘संगीत’ हे पात्र हवेत तरंगते, आणि तिला धरून ठेवणारे पट्टे आणि दोर ही १९७० मधल्या सामानाचीच सुधारित आवृत्ती आहे. थोडक्यात, त्यांनी रंगमंचाला शरण जाण्याऐवजी त्यालाही एक उपकरण म्हणून वापरले, असे माझे मत आहे.

जमाखर्च

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यात कुणीही कुठेही भाडे भरताना दिसत नाही. कलावंताची कारकीर्द केवळ कल्पनांच्या परंपरेने समजावून सांगितली की सगळे फार सुसंगत दिसू लागते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

भिंती आणि गच्च्या वापरल्या गेल्या, त्यामागे गुरुत्वाकर्षणाचे चिंतन होते तसेच एक साधे कारणही होते: त्या उपलब्ध होत्या. सोहोमधले छोटे कारखाने आणि गोदामे बंद पडत होती, त्यांचे मोठमोठे रिकामे मजले स्वस्तात मिळत होते आणि कलावंत तिथे नियमात बसत नसतानाही राहू लागले होते. शहराने त्यांच्या राहण्याला कायदेशीर मान्यता दिली ती १९७१ मध्ये. ८० वूस्टर स्ट्रीट ही इमारतच मुळी जॉर्ज मॅच्युनस या कलावंताने कलावंतांच्या सहकारी मालकीची केलेली होती. ज्याला आपण ‘जागेला दिलेला प्रतिसाद’ म्हणतो त्याचा एक अर्थ असाही आहे की नाट्यगृह परवडत नव्हते आणि गच्ची फुकट होती. गच्चीवरच्या रचनेला त्यामुळे कमीपणा येत नाही, पण जागा महाग होऊ लागल्यावर हा मार्ग सगळ्यांनाच अरुंद होत गेला, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरे असे की ब्राऊन यांनी १९७० मध्ये स्वतःचा नृत्यसंच स्थापन केला. एकट्याने प्रयोग करणारा कलावंत कसाही जगू शकतो. संच असला की नर्तकांना पगार लागतो, तालमीची जागा लागते आणि वर्षभराच्या दौऱ्यांचे वेळापत्रक लागते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कलांसाठीच्या राष्ट्रीय निधीने सत्तरच्या दशकात नृत्यसंचांच्या दौऱ्यांना मदत केली, आणि दौरा म्हणजे नाट्यगृहे, म्हणजेच चौकट. आज एका शहरात आणि परवा दुसऱ्या शहरात सातमजली भिंत मिळवून, तिच्या मालकाची परवानगी काढून, दोर बांधून प्रयोग करणे कोणत्याही संचाला वर्षानुवर्षे झेपणारे नाही. ब्रुकलिन अकादमी ऑफ म्युझिकने १९८३ मध्ये नेक्स्ट वेव्ह महोत्सव सुरू केला आणि ‘सेट अँड रीसेट’ त्याच महोत्सवात आले. युरोपात, त्यातही फ्रान्समध्ये, सार्वजनिक पैशावर चालणारी नाट्यगृहे आणि महोत्सव होते आणि त्यांनी ब्राऊन यांना मनापासून आपले म्हटले. या दारांमधून आत जायचे तर त्यांच्या उंबरठ्याच्या मापाचे काम करावे लागते. (वरील प्रतिसादकांच्या नावावर ही कोटी नाही.)

त्यांच्या सोबत्यांकडे पाहिले की पर्याय किती होते ते कळते. रेनर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नृत्य सोडून चित्रपटाचा रस्ता धरला आणि नृत्यरचनेकडे त्या परतल्या २००० मध्ये. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये ओबर्लिन कॉलेजात ‘मॅग्नेशियम’ करून ज्या पद्धतीला जन्म दिला, ती कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन (एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून आयत्या वेळी घडणारे नृत्य) म्हणून जगभर पसरली. पण तिला ना संच लागतो ना तिकीट, आणि तिच्यातून कुणाचा पगारही निघत नाही. ल्युसिंडा चाइल्ड्स मात्र फिलिप ग्लास यांचे संगीत आणि सोल लेविट यांची फिल्म घेऊन ‘डान्स’ ही रचना मोठ्या रंगमंचावर आणतात, आणि तेही १९७९ मध्येच. जडसनमधून आलेल्या दोघी जणी एकाच वर्षी, एका दृश्यकलावंताला सोबत घेऊन, चौकटीत येऊन उभ्या राहतात. याला मी केवळ योगायोग म्हणणार नाही, आणि दोघींच्याही अंतर्गत कलाविचाराची अपरिहार्य परिणती असेही म्हणणार नाही. त्या वेळी दार उघडले होते.

म्हणून माझे उत्तर: होय, ही तडजोड होती, आणि तडजोड हा शब्द मी निंदेसाठी वापरत नाही. तिच्यात काही गमावलेही आहे, एवढे मात्र मान्य करावे. ‘रूफ पीस’ पाहणाऱ्यांत आमंत्रित होते, तसे सहज वर मान करणारेही असू शकत होते. विंगेचे कापड कितीही पारदर्शक केले तरी ती शक्यता परत येत नाही.

पदन्यास

मी नर्तक म्हणून लिहिते, त्यामुळे दोन्ही प्रतिसादांशी माझे भांडण एकाच मुद्द्यावर आहे. भिंत, गच्ची, विंग, भाडे, महोत्सव ही सगळी चर्चा शरीराच्या बाहेरची झाली. माझ्या मते खरे वळण १९७९ चे नाहीच. ते त्याच्या आदल्या वर्षीचे आहे आणि ते जेमतेम अडीच मिनिटांचे आहे.

आधी ‘ॲक्युम्युलेशन’ पाहू. १९७१ ची ही एकल रचना. दोन्ही मुठी पुढे, अंगठे बाहेर, आणि अंगठे फिरवण्याची एक हालचाल. ती अनेकदा करायची. मग दुसरी जोडायची आणि पुन्हा पहिलीपासून यायचे. मग तिसरी, आणि पुन्हा पहिलीपासून. गोष्टीतल्या उंदराच्या शेपटीसारखी ती लांबत जाते. याची भावंडेही पुष्कळ आहेत: १९७२ मध्ये पाठीवर झोपून करायची ‘प्रायमरी ॲक्युम्युलेशन’, तिचीच समूहासाठी केलेली आवृत्ती, आणि १९७४ मध्ये मिनिआपोलिसच्या लोरिंग पार्कमधल्या तळ्यात तराफ्यांवर झोपून केलेला तिचा प्रयोग, ज्यात तराफे हळूहळू एकमेकांपासून दूर वाहत जातात पण हालचाली मात्र एकत्र राहतात. मी ही रचना चित्रण पाहून स्वतः करून पाहिली आहे. पाचव्या-सहाव्या हालचालीपर्यंत ती अगदी सोपी वाटते. दहाव्याच्या पुढे मात्र नवीन हालचाल जोडताना मधलीच एखादी निसटते, आणि मग लक्षात येते की इथे अवघड काही असेल तर ते मन एका जागी ठेवणे आहे. महत्त्वाचे हे की नियम प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कळतो. नर्तक आणि प्रेक्षक दोघांकडे एकच किल्ली असते.

१९७५ च्या ‘लोकस’मध्येही तसेच, जरा अधिक गुंतागुंतीचे. नर्तकाभोवती एक काल्पनिक घन कल्पायचा, त्यावर २६ बिंदू २६ इंग्रजी अक्षरांसाठी आणि मधला सत्ताविसावा. मग स्वतःविषयीचा एक साधा मजकूर अक्षरा-अक्षराने त्या बिंदूंना स्पर्श करत शरीराने ‘लिहायचा’. इथे किल्ली प्रेक्षकाच्या हातून निसटते, पण ती आहे हे त्याला जाणवते.

आणि मग १९७८ मध्ये ‘वॉटरमोटर’ येते. बाबेट मँगोल्ट यांनी ते चित्रित केले आहे: एकदा नेहमीच्या वेगाने आणि लगेच पुन्हा अर्ध्या वेगाने. नेहमीच्या वेगात माझ्या डोळ्यांना फक्त खळखळाट दिसतो. खांदा एकीकडे जातो, तो पोहोचण्याआधी गुडघा दुसरीकडे निघालेला असतो, हात फेकला जातो आणि त्याचे वजन धडाला ओढून नेते, आणि हे सगळे कुठेही न थांबता. अर्ध्या वेगात पाहिल्यावर कळते की यात काहीही अंदाधुंद नाही. प्रत्येक स्नायू नको तेव्हा सैल सोडलेला आहे आणि हवा तेव्हाच वापरलेला आहे. एलेन समर्स यांच्याकडे त्यांनी शरीरजाणिवेचा जो अभ्यास केला होता त्याचे हे फळ असावे असे मला वाटते. वजन सोडणे, सांधा मोकळा ठेवणे, पडण्याला विरोध न करता त्याचाच उपयोग करून पुन्हा उठणे ही कामे ऐकायला सहज वाटतात आणि अंगात यायला वर्षे लागतात.

माझा मुद्दा इथे आहे. भिंतीवरून चालणारा माणूस ‘चालत’ होता. चालता कुणालाही येते, हेच त्या रचनेचे सामर्थ्य होते. जडसनच्या काळातले साधे, सामान्य, अप्रशिक्षित शरीर अजून तिथे होते. ‘वॉटरमोटर’ मात्र कुणालाही येणार नाही. ब्राऊन यांनी काही सोडले असेल तर ते इथे सोडले, आणि तेही एकटीने, साध्या कपड्यांत, संगीताशिवाय, कोणत्याही महोत्सवाच्या दाराशी न जाता. श्री. जमाखर्च यांना या अडीच मिनिटांचे स्पष्टीकरण दौऱ्यांच्या अनुदानातून देता येईल असे मला वाटत नाही.

त्यानंतरचा प्रश्न असा होता की एका शरीरातली ही खळखळ दुसऱ्या शरीरांत कशी न्यायची. ‘सेट अँड रीसेट’ या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यांनी एक लांबलचक हालचालींची मालिका रचली, जी रंगमंचाच्या कडेकडेने फिरत राहते. नर्तकांनी ती शिकायची आणि मग तीतून सुटून मध्ये येऊन आयत्या वेळी काहीतरी घडवायचे. त्यासाठी मोजक्याच सूचना होत्या: सोपे ठेवा, अंतःप्रेरणेने वागा, कडेला राहा, दिसण्याशी आणि न दिसण्याशी खेळा, रांगेत या. तालमीत असे जे सुचले त्यातले निवडून ते पक्के केले आणि तसेच्या तसे पाठ केले. उत्स्फूर्त वाटणारी ती धडक, तो निसटता हात, ते शेवटच्या क्षणी झेलणे, हे सगळे पाठ केलेले आहे. ज्यांनी कधी आयत्या वेळी सुचलेली हालचाल दुसऱ्या दिवशी हुबेहूब करण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना हे काम किती जिकिरीचे आहे ते सांगायला नको. असा संच घडवायला वर्षानुवर्षे तीच माणसे एकत्र लागतात. पगार, तालीम आणि दौरे यांचा संबंध मला इथे दिसतो: रंगमंचासाठी नव्हे, त्या शरीरासाठी संच आणि पगार लागले.

जमाखर्च

‘वॉटरमोटर’चा मुद्दा मान्य. अडीच मिनिटांना अनुदान लागत नाही. मात्र ती खळखळ दहा जणांत नेण्याचा खर्च आपणच शेवटच्या वाक्यात मांडला आहे, त्यामुळे आपले भांडण फारसे उरले आहे असे दिसत नाही.

दौऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १९८७ मध्ये नेपल्सला ‘लॅटरल पास’चे मूळ नेपथ्य वेळेवर पोहोचले नाही, तेव्हा राउशेनबर्ग यांनी तिथेच भंगार धातू गोळा करून नवे नेपथ्य उभे केले. गच्चीच्या काळातली वृत्ती ऑपेरागृहातही शिल्लक होती, हे माझ्या मताविरुद्ध जाणारे उदाहरण मीच देऊन ठेवतो.

अर्धविराम

तिघांचेही आभार. ‘माघार’ हा शब्द मी मागे घेतो. ‘तडजोड’ घ्यावा की नाही यावर अजून विचार करतो आहे. पदन्यास यांच्या प्रतिसादामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. ब्राऊन यांची ओळख जर त्यांच्या शरीराच्या त्या विशिष्ट खळखळीत असेल, तर त्या नाचायच्या थांबल्यानंतर आणि २०१७ मध्ये त्यांच्या निधनानंतर या कामाचे काय होते? आणि जाता जाता: उतारवयातल्या कोणत्या रचनेपासून सुरुवात करावी?

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. १९९४ ची ‘इफ यू कुडन्ट सी मी’ पाहावी. ही सुमारे दहा मिनिटांची एकल रचना ब्राऊन संपूर्णपणे प्रेक्षकांकडे पाठ करून नाचतात. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. चेहरा नाही, नजर नाही, छाती नाही. फक्त उघडी पाठ, कणा आणि मणक्यांतून निघून हातांत जाणारी लाट. दुसऱ्या वर्षी त्याचीच ‘यू कॅन सी अस’ ही जोडी झाली, ज्यात बिल टी. जोन्स तेच नृत्य समोर तोंड करून नाचले आणि त्या पाठमोऱ्याच राहिल्या. ती रचना पाहिल्यावर मला पदन्यास यांचे म्हणणे अधिक पटले, आणि माझेही थोडे पटत राहिले: न दिसणे हा विषय त्यांनी शेवटी स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत आणला होता.

पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे त्या उशिरा वळल्या, आणि वळल्या त्या १९९५ मध्ये थेट बाखच्या ‘म्युझिकल ऑफरिंग’कडे. या टप्प्यातले सगळेच मला तितके आवडत नाही. संगीताची रचना आणि हालचालींची रचना एकमेकींना फार सौजन्याने वाट देतात असे कधी कधी वाटते. २००२ मध्ये सायमन कीनलीसाइड यांना घेऊन केलेले शूबर्टचे ‘विंटररायझे’ हा अपवाद. त्यात गायकालाच नर्तकांसोबत हलायला लावले आहे, आणि गाणाऱ्या शरीराचे वजन प्रथमच दिसते. त्याच वर्षीच्या ‘इट्स अ ड्रॉ’मध्ये त्या मोठ्या कागदावर कोळशाच्या कांड्या घेऊन लोळतात, उठतात, सरकतात आणि मागे रेखाचित्र उरते. रेखाटणे त्या आयुष्यभर करत होत्या, पण इथे रेघ आणि हालचाल वेगळी काढताच येत नाही.

आता पहिला प्रश्न. २०११ मध्ये त्यांच्या शेवटच्या रचना झाल्या. २०१३ पासून संचाने रंगमंचीय रचनांचा निरोपाचा दौरा काढला, आणि त्यानंतर कलादिग्दर्शनाची धुरा सांभाळणाऱ्या कॅरोलिन लुकास आणि डायान मॅडन यांनी ‘इन प्लेन साइट’ या नावाने वेगळीच वाट धरली: जुन्या रचनांचे भाग निवडून ते बागांमध्ये, संग्रहालयांत, मोकळ्या जागांत करायचे आणि प्रत्येक जागेप्रमाणे नव्याने मांडायचे. भिंतीवरून चालणे २००६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नवर झाले होते, ‘फ्लोअर ऑफ द फॉरेस्ट’ २००७ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात होते आणि ‘रूफ पीस’ २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंचावरच्या बागेच्या आसपास पुन्हा झाले. ‘रूफ पीस’च्या मूळ मांडणीत पंधरा मिनिटे हालचाल एका दिशेने जाई आणि नंतरची पंधरा मिनिटे ती उलट दिशेने परत येई. संचाचेही तेव्हा तेच चालले होते, असे म्हणायचा मोह होतो.

पदन्यास

शरीराच्या प्रश्नाला मी उत्तर देते. ‘सेट अँड रीसेट’ इतर संचांना शिकवताना हुबेहूब नक्कल करवली जात नाही. त्यांना कडेची ती मूळ मालिका शिकवली जाते, त्याच सूचना दिल्या जातात, आणि मग त्यांनी स्वतःचे ‘सेट अँड रीसेट/रीसेट’ घडवायचे असते. ब्रिटनमधल्या कँडोको या संचाने ते २०११ मध्ये केले. त्या संचात अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकत्र काम करतात. ब्राऊन यांच्या सांध्यांसाठी घडलेली मालिका तिथे वेगळ्या मापांच्या, वेगळ्या तोलांच्या शरीरांनी उचलली. १९७८ मध्ये जे सामान्य शरीर हातचे सुटले असे मी वर म्हटले, ते या वाटेने परत आले की नाही, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. चित्रण मिळाले तर दोन्ही रचना एकापाठोपाठ पाहाव्यात, मूळ आधी.

जमाखर्च

आणि ‘इन प्लेन साइट’ बागेत होत असेल तेव्हा पाहावे. संग्रहालयात बहुधा तिकीट पडेल.